दुसरा प्रश्न

"नॉट धिस, सर. आस्क मी समथिंग एल्स," रत्नमाला रामटेके म्हणाली. मी "व्हेरी गुड" म्हणालो, तिच्या नावापुढे सतरा गुण लिहिले आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं. त्यानंतर तीन मुलं येऊन गेली. चौथा धर्मेंद्र खुर्चीत बसून 'माय नेम इज' सुरू करत होता तेव्हा ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं. कानात ते केव्हाच शिरलं होतं, आत पोचायला सात-आठ मिनिटं लागली. इंग्रजीच्या विभागप्रमुखाला हा वेळ जरा जास्तच. विभागप्रमुख या शब्दानं दचकायचं कारण नाही. विभागात मी एकटाच आहे. धर्मेंद्रचं आटोपलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, मी खिडकीकडे. "होऊन गेलं जी सर," तो म्हणाला. मी त्यालाही सतरा दिले.

अंतिम वर्षाची ही तोंडी परीक्षा वीस गुणांची असते. एकशे अठरा मुलं, एक दिवस, एक मास्तर. प्रश्न एकच, की स्वतःची ओळख करून द्या. उत्तरही एकच, आणि ते माझं आहे. २००१ साली, मी पवनीला रुजू झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी, तुलाराम नावाचा एक मुलगा याच खोलीत माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याला एक शब्द बोलता येईना. मानेवरून घामाचा ओघळ शर्टाच्या कॉलरमध्ये उतरत होता, आणि तो चार मिनिटं नुसता ओठ हलवत होता. मला त्याची दया आली. मी उठून फळ्यावर पाच वाक्यं लिहिली. माझं नाव अमुक. माझं गाव अमुक. माझे वडील शेतकरी आहेत. मला वाचनाची आवड आहे. मला शिक्षक व्हायचं आहे. तुलारामचे वडील खरोखरच शेतकरी होते. बाहेर दाराशी दाटी करून उभ्या असलेल्या मुलांनी ती वाक्यं उतरवून घेतली, आणि तेव्हापासून आमच्या महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे वडील इंग्रजीत शेतकरी आहेत. पोस्टमनचे, कंडक्टरचे, भांड्याच्या दुकानदाराचे, सगळे. दोन वर्षांपूर्वी खुद्द प्राचार्यांच्या मुलीनं आपले वडील शेतकरी असल्याचं सांगितलं. प्राचार्य माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी समाधानानं मान डोलावली.

यंदा पहिल्या वर्षाला गुड्डी म्हणून एक मुलगी आली आहे. पहिल्याच दिवशी तिनं मला ती पाच वाक्यं न विचारता म्हणून दाखवली. कुठे शिकलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, मायनं पाठ करून घेतले, माय तुमच्यापाशीच होती जी, दोन हजार तीनले. म्हणजे आता हे घरात आईकडून मुलीकडे जातं, लोणच्याच्या कृतीसारखं. आणि मधल्या काळात प्रगती झाली नाही असं कोणी म्हणू नये. तुलारामला चार मिनिटं लागली होती. २०१० च्या सुमारास मुलं चाळीस सेकंदांत आटोपत. आज सकाळी धर्मेंद्रनं अकरा सेकंद घेतले, त्यात श्वासही घेतला नाही. वेगाला प्रावीण्य म्हणायचं असेल तर एका पिढीत आम्ही वीसपट पुढे गेलो आहोत, आणि हे असंच चाललं तर आणखी दहा वर्षांत मुलं खुर्चीत बसायच्या आधीच पास होतील.

ही चेष्टा मी मनात करत होतो, आणि मनातल्या मनातही ती मराठीत करत होतो, हे माझ्या लक्षात आलं. कारण एकशे अठरावा मुलगा गेला, केवळराम शिपायानं खुर्च्या सरळ केल्या, आणि मी त्या खोलीत एकटा बसून एकच गोष्ट शोधत होतो: दुसरा प्रश्न. काय विचारायला हवं होतं तिला? मराठीत चार प्रश्न लगेच सुचले. तू कुठची, हे तर रजिस्टरमध्येच आहे. पुढे काय करणार. काय वाचतेस. माझं शिकवणं कसं वाटलं, हा तर विचारायचाच नाही. मग त्यातला एक उचलून मी इंग्रजीत ठेवून पाहिला, तर तो बसेना. शब्द होते, पण ते एकेक करून, हजेरी घेतल्यासारखे येत होते, आणि एकाला हाक मारेपर्यंत आधीचा निघून जात होता. मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. जबड्याच्या सांध्याशी, कानाखाली, काहीतरी आखडल्यासारखं झालं. बरेच दिवस न चढलेल्या जिन्यावर गुडघा बोलतो तसं. मी तोंड मिटलं. दारातून केवळराम म्हणाला, "मले आवाज देल्ला का जी सर?"

"नाही."

"मंग कोनासंग बोलून राहिले?"

त्याला चहा आणायला पाठवलं. दुपारचे अडीच झाले होते, बाहेर मार्चचं ऊन, कुठल्यातरी उन्हाळी धानाच्या बांधीवर मोटर चालल्याचा एकसुरी आवाज. तो आवाज कानाला नाही, दाताला लागत होता. मला घरी जायचं होतं आणि जावंसंही वाटत नव्हतं. टेबलावर तक्त्याची प्रत पडली होती. तक्ता म्हणजे आमच्या येथे मूल्यांकन समिती येणार, तिच्यासाठी 'विद्यार्थ्यांच्या इंग्रजी भाषाक्षमतेतील बदल, दहा वर्षे' अशा मथळ्याचा एक कागद. प्रवेशाच्या वेळची क्षमता, बाहेर पडतानाची क्षमता, वाढ टक्क्यांत. सर्वांना सतरा देणाऱ्या माणसाकडे वाढ कुठून येणार? म्हणून मी ती केली. दरवर्षी अर्धा टक्का. प्राचार्यांनी परवा पाहून सांगितलं, "लांजेवार, हे लय सरळ दिसते हो. थोडं खाली-वर करा. खरं वाटलं पाहिजे." मग मी टाळेबंदीच्या वर्षी जरा खड्डा पाडला. तो खड्डा त्यांना फार आवडला. बारा वाजता, तोंडी परीक्षेच्या मधल्या सुट्टीत, मी सही करून तो पाठवूनही दिला होता. त्या तक्त्यात प्रत्येकाची क्षमता होती. माझी तेवढी नव्हती. तशी ती कोणी मागितलीही नव्हती.

माझी सर्वात जास्त होती ती १९९९ च्या मार्चमध्ये. नक्की महिना सांगतो, कारण त्या महिन्यात मी इंग्रजीत भांडलो होतो. माझ्या गावाहून, बपेऱ्याहून, एम.ए.ला नागपुरात गेलो तेव्हा पहिले तीन आठवडे वर्गात मी तोंड उघडलं नाही. घरी अर्धी हिंदी, अर्धी आमची बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि इंग्रजी फक्त वहीत. वसतिगृहात माझ्या खोलीत अमर होता, गोंदियाकडचा, तोही माझ्याइतकाच मुका. आम्ही एक पण केला की खोलीचं दार लागलं की फक्त इंग्रजी, मराठी बोलेल त्यानं दोघांचे कपडे धुवायचे. पहिल्या आठवड्यात खोलीत भयाण शांतता होती आणि कपडे कोणालाच धुवावे लागले नाहीत. मग हळूहळू बादली, साबण, ढेकूण, मेसमधली डाळ यांवर आम्ही बोलू लागलो. फार वाईट बोलत असू. पण दोघेही सारखेच वाईट, म्हणून लाज नव्हती. मार्चमध्ये अमरनं माझे टाचणांचे कागद चुलीत घालायला मेसवाल्याला दिले, चुकून, आणि मी त्याला वीस मिनिटं इंग्रजीत शिव्या दिल्या. शिव्या संपल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. एकही शब्द शोधावा लागला नव्हता. रागात तोंड उघडलं आणि आत सगळं तयार होतं. अमर हळूच म्हणाला, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स." त्यानंतर काही महिने मी स्वप्नंही त्याच भाषेत पाहत होतो, आणि त्या स्वप्नांत माझी आईसुद्धा इंग्रजी बोलायची. आईला ते शोभायचंही.

मग नोकरी लागली. पहिल्या तासाला मी इंग्रजीतून शिकवलं. चाळीस मिनिटं. शेवटी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आता मराठीत सांगा ना जी." तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून मी एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि तिचा अर्थ मराठीत सांगायचा, अशी पद्धत सुरू केली. पुढे वाचायची ओळ मुलं वाचू लागली. मी फक्त अर्थ सांगू लागलो. पंचवीस वर्षं मी इंग्रजी विषय उत्तम मराठीत शिकवतो, जिल्ह्यात तसा माझा लौकिक आहे. भाषा कधी गेली हे मला सांगता येणार नाही. घरातल्या भिंतीवरचा चुना कधी पिवळा झाला हे सांगता येत नाही, तसंच. आजवर कोणी नवा चुना शेजारी आणून ठेवला नव्हता, एवढंच.

"पोरगी बसून आहे म्हनलं भाईर," केवळराम चहा ठेवत म्हणाला. "अर्धा घंटा झाला. रामटेकेची."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी एकलेच बोलून राहिले होते ना. म्हनलं होऊ द्या."

रत्नमाला आत आली. ठेंगणी, दोन वेण्या, हातात मोबाइल आणि एक छापील कागद. वर्गात ती कुठे बसते हे मला आठवेना. तीन वर्षांत मी तिचा आवाज हजेरीच्या 'यस सर'पलीकडे ऐकलेला नव्हता. सकाळच्या उत्तराबद्दल ती माफी मागायला आली असेल असं मला वाटलं, आणि माफ करायची वाक्यंही मी मराठीत तयार केली. तसं काही नव्हतं. बाहेरच्या राज्यात एक संस्था आहे, परदेशातून येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंसाठी दुभाषी तयार करणारी. वर्षभराचा अभ्यासक्रम, राहणं-जेवण फुकट, बारा जागा. ती शेवटच्या वीसांत आली होती. आता फक्त तिच्या इंग्रजीच्या शिक्षकाचं पत्र हवं होतं.

"आज पाच वाजेपर्यंत टाकाचं आहे जी सर. मी परवाच येनार होती. पन मले वाटलं का आज तोंडी परीक्षा आहे, तं आज तुमी मले आयकान, मंग लिहान."

मी कागद घेतला. शिफारसपत्र म्हणजे मला पाच मिनिटांचं काम. संगणकात एक मजकूर पडून आहे, प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक. नाव बदललं की झालं. तीनशेच्या वर मुलं त्या एका मजकुरावर भारतभर गेली आहेत. पण या कागदावर मजकुराला जागाच नव्हती. तीनच प्रश्न होते. अर्जदाराला सलग दहा मिनिटं इंग्रजी बोलताना तुम्ही शेवटचं केव्हा ऐकलं? विषय काय होता? ती कुठे अडखळली आणि मग तिनं काय केलं? खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की सर्वसाधारण प्रशंसा बाद समजली जाईल. मी ते तीन प्रश्न दोनदा वाचले. ज्यानं हे तयार केले त्याला शिक्षकांचा चांगलाच अनुभव असणार.

"तुझे वडील काय करतात?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"खरे का इंग्रजीतले?" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. मग सांगितलं, की बाबा परसराम वीज मंडळात लाइनमन आहेत, आसगावला घर. आई तुळसा विहारात येणाऱ्यांचा स्वयंपाक करते. टाळेबंदीत व्हिएतनामची एक भिक्खुणी तिथे अकरा महिने अडकून पडली होती. तिचा डबा रत्नमाला न्यायची, दहावीत असताना. "तिचंही इंग्रजी आमच्यावानीच होतं जी. अर्धं हातानं, अर्धं तोंडानं. दोघी चुकत होतो, तं भेव नाही वाटे." अजूनही रविवारी फोनवर बोलतात.

मी तिला बाहेर थांब म्हणालो. ती गेली, आणि जाताना घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. मग मी जे केलं ते सांगायला हवं. मी संगणक उघडला, तो जुना मजकूर काढला आणि त्याचे तीन तुकडे करून तीन प्रश्नांखाली बसतात का ते पाहिलं. 'गेल्या महिन्यात, वर्गातील चर्चासत्रात, पर्यावरण या विषयावर.' सहज जमत होतं. अडखळली का, तर 'किंचित, परंतु आत्मविश्वासाने सावरली.' बोटं आपोआप चालत होती, तक्त्यातला खड्डा पाडतानाही अशीच चालली होती. मग मला वाटलं, त्या वीस जणांमधल्या प्रत्येकाचा मास्तर आत्ता कुठेतरी पर्यावरणच लिहीत असेल. एकोणीस पर्यावरणं आणि विसावं माझं. ज्या माणसानं ते ठळक अक्षर लिहिलं, तो तिची पाच वर्षं अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवेल, आणि ते बाजूला ठेवणं योग्यच असेल. दाताला लागणारा मोटरचा आवाज थांबला होता, वीज गेली असावी, आणि त्या शांततेत मला बाहेर बाकावर ती पाय हलवत असल्याचं ऐकू येत होतं. चपलेचं टोक फरशीला लागे, थांबे, परत लागे. मला तिचा राग आला. पंचवीस वर्षांत एकशे अठरा गुणिले पंचवीस मुलांनी मला कधी अडवलं नव्हतं. तू कोण गं? मग तो राग कोणत्या भाषेत आहे हे मी तपासलं, आणि उठून दार उघडलं.

"ये. बस. बोल दहा मिनिटं."

"कायवर जी?"

हाच तो प्रश्न. मी टेबलाची कडा दोन्ही हातांनी धरली. इंग्रजीत तोंड उघडलं आणि कानाखाली आखडलं तरी मिटलं नाही. तीन वर्षं माझ्या तासाला तू काय करत होतीस, एवढंच मला विचारायचं होतं. जे बाहेर आलं त्यात 'थ्री इयर्स' होतं, 'माय क्लास' होतं, 'यू' दोनदा होतं आणि शेवटी हात होता, अर्धवट उचललेला. तिला कळलं. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि ती सुरू झाली.

ती भरभर बोलत होती, वेगळ्याच हेलात, कुठल्या देशाचा ते सांगता येऊ नये असा. मी ओठांकडे बघून पकडत होतो आणि अर्धं सुटत होतं. जे हाती लागलं ते असं. पहिल्या वर्षापासून ती पुस्तक मिटून ठेवायची. मी ओळीचा अर्थ मराठीत सांगितला की ती तो मनात परत इंग्रजीत करायची, आपल्या शब्दांत, त्या भिक्खुणीला सांगायचं असल्यासारखा. मग पुस्तक उघडून पाहायची की मूळ ओळ कशी आहे. मी मराठी चांगली सांगायचो म्हणून हे जमायचं. तीन वर्षं, आठवड्याला चार तास, शेवटून दुसऱ्या बाकावर बसून तिनं माझं सगळं शिकवणं उलटं फिरवून घेतलं होतं. पुढे ती आणखी काहीतरी म्हणाली, बहुधा गमतीचं, कारण हसली. मी पण हसलो. ती थांबली. माझं हसणं एका क्षणानं उशिरा आलं होतं, हे तिनं पाहिलं.

"सर," ती मराठीत, हळूच म्हणाली, "सावकाश बोलू का जी?"

मी या खोलीत हे वाक्य किती मुलांना म्हटलं असेल. दारात केवळराम उभा होता, कप न्यायला, आणि कप न घेताच उभा होता.

"हो," मी म्हणालो. "सावकाश बोल."

ती पुन्हा पहिल्यापासून बोलली. एकेक शब्द सुटा करून, माझ्याकडे बघत, कळलं की नाही ते पाहून मग पुढचा. मी कागद ओढला आणि लिहून घेऊ लागलो. मग ते तीन उत्तरांत उतरवलं, इंग्रजीत, खोडून, परत लिहून. केव्हा ऐकलं: आज, साडेचार वाजता, प्रथमच. विषय: माझे तास. कुठे अडखळली: ती अडखळली नाही, ऐकणारा अडखळला, तेव्हा तिनं वेग कमी केला आणि न दुखवता पुन्हा सांगितलं. दुभाष्याला बहुधा हेच लागतं.

तिनं वाचलं. चेहरा उतरला. "सर, 'प्रथमच' लिहलं तं ते म्हनतीन का सरले हिच्याबद्दल काहीच मालूम नाही."

"खरंच नव्हतं."

"पन तुमच्या कॉलेजचं...?"

"ते असू दे. पर्यावरण लिहू का? सांग. तुझी जागा आहे, माझी नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. मी घड्याळाकडे. पाचाला पाच कमी. केवळराम म्हणाला, "सर, लाइन आली म्हनलं."

"असंच राहू द्या," ती म्हणाली. तिनं फोटो काढला, वर चढवला, फिरणारं ते वर्तुळ थांबेपर्यंत आम्ही तिघेही त्या पडद्यावर वाकलो होतो. गेलं. मग तिनं खालची एक ओळ मला दाखवली, जी मी वाचलीच नव्हती. उत्तरांची खातरजमा करायला संस्था उद्या सकाळी अकराला शिक्षकांशी फोनवर बोलेल. पाच मिनिटं. इंग्रजीत.

मी कागद पालथा घातला. उद्या सुट्टी टाकता येईल. फोन बंद ठेवता येईल, पवनीत नेटवर्क नसतं हे कुणीही मान्य करेल. हे सगळं माझ्या डोक्यातून एका दमात गेलं, आणि गेलं ते तिलाही दिसलं असावं, कारण ती उठली नाही. तिनं खुर्ची उलट फिरवली, माझ्याकडे पाठ केली, म्हणजे तोंड दिसू नये, आणि कानाशी मूठ धरली.

"हॅलो. अॅम आय स्पीकिंग टू प्रोफेसर लांजेवार?" सावकाश. प्रत्येक शब्द सुटा.

केवळरामनं कप परत टेबलावर ठेवला.

"यस," मी म्हणालो.

"हाऊ लाँग हॅव यू नोन धिस स्टुडंट, सर?"

दोन वेण्या, पाठीवर सरळ. समोर फक्त भिंत होती आणि शोधायला वेळ नव्हता. मी तोंड उघडलं.

"सिन्स फोर-थर्टी," मी म्हणालो.

वेण्या हलल्या नाहीत. ती हसत होती की नव्हती, मला दिसलं नाही. "टुडे?" तिनं विचारलं.

"टुडे," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य काय असेल ते मला ठाऊक नसताना ते सुरू केलं.